अलंकार सापडला नाही, तर भावना कुठे शोधायची?

ऐरोलीहून दहावीतल्या एका मुलीने विचारलं आहे:

"सराव परीक्षेत उताऱ्यावर प्रश्न होता, 'लेखकाने आईच्या मनातील भावना भाषेतून कशी व्यक्त केली आहे, ते लिहा.' मुलगा नोकरीसाठी पहिल्यांदाच परगावी निघालेला असतो आणि वाक्य असं होतं: 'जा बाबा, उशीर होईल,' असं म्हणत आईने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं. मी तीनदा वाचलं. उपमा नाही, रूपक नाही, अनुप्रास नाही. शेवटी जागा सोडून दिली. कवितेत मी अलंकार बरोबर ओळखते, तरी बाई 'पुढे काय?' असा शेरा देतात. पुढे नक्की काय लिहायचं असतं?"

मी ठाण्यात, नौपाड्यात, सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे. हा प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर येतो, फक्त इतक्या स्पष्ट शब्दांत फार कमी मुलं विचारतात. तुझं वाक्य मी शेवटी घेईन. आधी थोडी तयारी करू, म्हणजे ते तुझं तुलाच सुटेल.

अलंकार हा भाषेच्या साधनांचा एक लहानसा भाग आहे. तो शिकवायला सोपा, तपासायला सोपा, म्हणून शाळेत त्याला फार जागा मिळते. पण मराठीत भावना बहुतेक वेळा त्याहून बारीक जागी बसलेली असते. ती क्रियापदाच्या रूपात असते, एखाद्या 'च'मध्ये असते, 'तू'चं 'तुम्ही' होण्यात असते, कोणता शब्द आधी आणि कोणता मागे ठेवला यात असते. तिथे पाहायची सवय नसली की चांगला उतारा समोर असूनही तो कोरा वाटतो.

पाहायचं कसं? माझ्या वर्गात एकच युक्ती चालते: शब्द बदलून बघायचा. लेखकाने जे लिहिलं त्याच्या जागी त्याच अर्थाचं दुसरं काही ठेवायचं आणि काय हरवलं ते मोठ्याने सांगायचं. जे हरवलं, ते तुझं उत्तर.

फळ्यावर मी नेहमी एक छोटा उतारा लिहिते. माझाच आहे, त्यामुळे तो हवा तसा तोडता येतो.

"आजोबा संध्याकाळी तलावपाळीला जायचे. जाताना काठी घ्यायचे, येताना चणे आणायचे. आता काठी दाराआडच असते. आजी रोज केर काढताना ती उचलते, खालची जागा झाडते आणि परत तिथंच ठेवते."

अलंकार शोधलास तर हाती काही लागणार नाही. तरी वाचताना घशाशी काहीतरी येतं ना? ते कशामुळे येतं ते पाहू.

पहिल्यांदा क्रियापदं बघ. जायचे, घ्यायचे, आणायचे. हा रीतिभूतकाळ. एकदा घडलेली गोष्ट सांगताना आपण 'गेले' म्हणतो, नेहमी घडणारी आणि आता थांबलेली गोष्ट सांगताना 'जायचे' म्हणतो. म्हणजे 'जायचे' या रूपातच 'आता जात नाहीत' हे दडलेलं आहे. आजोबा वारले असं उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही, ते क्रियापदाने सांगितलं. 'जायचे'च्या जागी 'जातात' ठेवून बघ. आजोबा हयात झाले, आणि उतारा एका घरातल्या रोजच्या सवयींची नोंद होऊन बसला.

मग 'आता' हा शब्द येतो आणि क्रियापद वर्तमानात उडी घेतं: काठी दाराआडच असते. या 'च'वर बोट ठेव. 'दाराआड असते' म्हटलं तर काठीची जागा कळते. 'दाराआडच असते' म्हटलं की ती कधीच बाहेर निघत नाही हे कळतं, आणि तिला बाहेर नेणारं कुणी उरलेलं नाही हेही.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उचलते, झाडते, ठेवते. तीन साधी कामं, तीनही हाताची. आजीच्या मनाबद्दल एक शब्द नाही. पण जी बाई रोज केर काढते तिला ती काठी माळ्यावर टाकता आली असती, कुणाला देता आली असती. ती 'परत तिथंच' ठेवते. हे दोन शब्द काढून 'आजी रोज काठी उचलून केर काढते' असं वाच. दुःख निघून गेलं आणि स्वच्छता राहिली.

आता याच उताऱ्याची दुसरी दोन रूपं बघ. एका मुलाने लिहिलं होतं, "आजोबांच्या निधनामुळे आजी अत्यंत दुःखी झाली होती." दुसऱ्याने लिहिलं, "ती एकाकी काठी दाराआड आजोबांची वाट बघत होती." पहिल्यात भावनेचं नाव आहे, भावना नाही. आपल्याकडच्या जुन्या काव्यशास्त्राने हे फार पूर्वी ओळखलं होतं. रस किंवा स्थायी भाव, म्हणजे मनात टिकून राहणारी मूळ भावना, त्याच्या नावाने सरळ सांगून टाकणं हा मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त चक्क दोष म्हणून नोंदवला आहे, त्याला स्वशब्दवाच्यता म्हणतात. भरताने नाट्यशास्त्रात रसनिष्पत्तीसाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव (मनात येऊन-जाऊन असणारे छोटे भाव) यांचा संयोग सांगितला. शब्द जड वाटले तरी घाबरू नकोस. काठी हा विभाव, म्हणजे भावना जागी करणारी वस्तू. आजीचं उचलणं-ठेवणं हा अनुभाव, म्हणजे भावनेची बाहेर दिसणारी खूण. लेखकाने या दोन गोष्टी दिल्या की शोक वाचकाच्या मनात आपसूक तयार होतो. लेखकाने 'शोक' हा शब्द उच्चारला की वाचकाला करायला काही उरत नाही.

दुसऱ्या रूपात अलंकार आहे, चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणं. परीक्षेत तू तो झटकन ओळखशील. पण मला ते वाक्य मूळ उताऱ्यापेक्षा कमी आवडतं. का? कारण वाट बघणं आजीचं होतं, ते काठीला देऊन टाकलं आणि आजी वाक्यातून बाहेर गेली. शिवाय 'एकाकी' या शब्दाने काय वाटून घ्यायचं तेही वाचकाला बजावलं. अलंकार असला की लेखन चांगलं, असं नसतं. तुझ्या उत्तरात असं मत मांडायला तू मोकळी आहेस, फक्त कारण दे.

आता मराठीतल्या अशा काही जागा सांगते जिथे मी आधी बघते. सगळ्या सांगायच्या म्हटल्या तर वर्ष पुरणार नाही.

शब्दाची निवड तर उघडच आहे. माणूस मरतो त्यासाठी आपल्याकडे किती क्रियापदं आहेत बघ: निधन झालं, वारले, गेले, देवाघरी गेले, मेला, खपला. घटना एकच. बोलणारा त्या माणसाच्या किती जवळ उभा आहे ते प्रत्येक शब्द वेगळं सांगतो. 'निधन झालं' ही बातमी, 'गेले' हे घरातलं माणूस हळू आवाजात सांगतं, 'खपला' म्हणणाऱ्याला सुटल्यासारखं वाटलेलं असतं. एखाद्या कथेत मुलगा आपल्या वडिलांबद्दल 'वडिलांचं निधन झालं' म्हणाला, तर तो अंतर का ठेवतो आहे हा प्रश्न पडला पाहिजे.

आणि आता माझी सगळ्यात आवडती जागा, शक्य क्रियापद. 'तिला बोलवेना.' 'त्याला जेववेना.' 'आईला गाव सोडवेना.' यांच्याजवळ मी वर्गात एक अख्खा तास थांबते. 'ती बोलली नाही' म्हटलं तर तो तिचा निर्णय. 'ती बोलू शकली नाही' म्हटलं तर कारण काहीही असू शकतं, घसा बसला असेल. 'तिला बोलवेना' म्हटलं की इच्छा आहे, शब्दही आहेत, पण आतूनच काहीतरी अडवतं आहे. मन आणि शरीर यांच्यातली ओढाताण एका 'वे'मध्ये मावली. असं रूप दिसलं की त्याखाली रेघ मार.

याच्या शेजारचीच गोष्ट म्हणजे वाक्यात कर्ता कोण आहे. 'मी कप फोडला', 'माझ्याकडून कप फुटला', 'कप फुटला'. घरी यातलं तिसरं वाक्य आपण सगळ्यांनी वापरलेलं आहे. कथेतलं पात्र कोणतं वापरतं यावरून त्याचा प्रामाणिकपणा कळतो, त्याची भीती कळते. तसंच 'मी रागावले' आणि 'मला राग आला'. पहिल्यात राग मी केला, दुसऱ्यात तो कुठूनसा आला आणि मी त्याच्या वाटेत सापडले. रडण्याचं तर विचारूच नकोस: रडू आलं, रडू फुटलं, रडू कोसळलं. फुटणं म्हणजे आत काही दाबून धरलेलं होतं. कोसळणं म्हणजे ते पेलण्याची ताकद संपली.

नपुंसकलिंगही विसरू नको. 'म्हातारा ओट्यावर बसला होता' आणि 'म्हातारं ओट्यावर बसलं होतं' यांत माणूस तोच. दुसऱ्यात बोलणाऱ्याच्या मनात कणव तरी आहे किंवा तुच्छता तरी. कोणती, ते शेजारची वाक्यं सांगतात. 'पोरगं' हा शब्द आई म्हणते तेव्हा वेगळा आणि दुकानदार म्हणतो तेव्हा वेगळा.

सर्वनामं कुठे बदलतात तेही बघ. नवऱ्याला कायम 'अहो' म्हणणारी बाई कथेत एका ठिकाणी 'तू' म्हणते. तिथे एक तर फार मोठं प्रेम असतं, नाहीतर फार मोठा राग. 'आपण' आणि 'आम्ही' हा तर मराठीचा खास दागिना आहे. 'आपण उद्या जाऊ' यात ऐकणारा आत आहे, 'आम्ही उद्या जाऊ' यात तो बाहेर. घर दुभंगत असल्याच्या कथेत एखादा भाऊ 'आपली जमीन'वरून 'आमची जमीन'वर आला की वाटणी झाली, कागद नंतर होतात. ही अशी वळणं कानाने लवकर पकडता येतात. गडकरी रंगायतनला एखादं नाटक बघायला गेलीस तर फक्त हाका ऐक, कोण कुणाला कधी काय म्हणतं. एका प्रयोगात जे कळेल ते माझ्या चार तासांत कळणार नाही.

ऐरोली, घणसोली भागात आगरी बोली तुझ्या कानावर असेलच. कथेत आजी 'डोल्यात पानी आलं' म्हणते आणि निवेदन मात्र 'डोळ्यांत पाणी आलं' अशा पुस्तकी मराठीत चालतं, तेव्हा लेखकाने दोन आवाज वेगळे ठेवले आहेत. याला नुसतं 'बोलीभाषेचा वापर केला आहे' म्हणून सोडून देऊ नको. निवेदन आजीच्या जवळ येतं की लांबून बघतं? एखाद्या ओळीत निवेदकाच्याच तोंडी 'डोल्यात' आलं तर काय झालं? बहुधा सांगणारा त्या घरचाच आहे आणि इतका वेळ ते लपवत होता.

कवितेत याच्या जोडीला नाद आणि ओळीची लांबी येते. हीही माझीच चार ओळींची कविता घे, हार्बरच्या गाडीतली:

मानखुर्द सुटलं की आई दाराशी सरकते,
खाडीवर निर्माल्याची पिशवी मोकळी करते.
फुलं जातात. वास हाताला राहतो.
नेरुळपर्यंत ती हात पुसत नाही.

पहिल्या दोन ओळींत यमक आहे, सरकते-करते. रोजची सवय आहे, तिला ठेका आहे. तिसऱ्या ओळीत यमक सुटतं आणि ओळ मधेच तुटते: 'फुलं जातात.' पूर्णविराम. 'जातात'च्या जागी 'पडतात' ठेव. नुसती फुलं पाण्यात पडली. 'जाणं' हे क्रियापद मराठीत माणसांसाठीही वापरतो, म्हणून त्या पूर्णविरामापाशी वाचक क्षणभर थबकतो. 'हातावर राहतो' म्हटलं असतं तर वास वरवर राहिला असता, 'हाताला' म्हटल्यावर तो लागून राहिला. आणि शेवटी 'नाही' हा शब्द. ती काहीतरी करते असं नाही, ती काहीतरी करत नाही. न केलेल्या गोष्टीतून भावना सांगणं फार परिणामकारक असतं आणि मुलांच्या नजरेतून तेच नेमकं निसटतं.

वृत्त-छंदाचंही असंच. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. हे तू पाठ केलं असशील. पण मोठ्याने म्हणून बघ: शेवटचा चरण आखूड असल्यामुळे बोलणं तिथे टेकतं, सांगायचं ते सांगून झालं असं वाटतं. हे लिहिलंस तर छंद ओळखल्याचा उपयोग झाला. नादाबाबत मात्र सांभाळून. 'ट, ठ, ड, ढ' आले म्हणजे कठोर भावना असं गाइडमध्ये असतं. 'गोड' या शब्दात 'ड' आहे आणि 'लाडका'मध्येही. नादाला अर्थाचा आधार असेल तरच त्याबद्दल लिही.

व्यंजना, म्हणजे शब्दांमागचा सूचित अर्थ देणारी शक्ती, तू नववी-दहावीत ऐकली असशील. तिचं जुनं उदाहरण आहे, 'सूर्य अस्ताला गेला.' गुराख्याला सांगितलं तर गुरं परत आणायची वेळ झाली, चोराला सांगितलं तर निघायची वेळ झाली, वाट बघणाऱ्या प्रेयसीला सांगितलं तर अजून तो आला नाही. शब्द तेच, पण कोण कुणाला कुठे बोलतं त्यावर अर्थ फिरतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हाच सूचित अर्थ काव्याचा आत्मा मानला. म्हणून कोणत्याही ओळीबद्दल लिहिण्याआधी विचार: बोलतं कोण, ऐकतं कोण, आणि आत्ता काय चाललं आहे? आणि कवितेतला 'मी' म्हणजे कवी असं गृहीत धरू नको.

आता उत्तर लिहिण्याबद्दल. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन भागांत रसग्रहण लिहायला शिकवतात. भाग ठेव, पण ते वेगवेगळ्या कप्प्यांसारखे भरू नको. 'या कवितेत अनुप्रास अलंकार आहे. त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे.' हे दुसरं वाक्य जगातल्या कुठल्याही कवितेला चालतं, म्हणून ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही. बाई 'पुढे काय?' विचारतात ते तिथेच. शब्द अवतरणात उचल, तो तिथे काय करतो ते सांग, त्याच्याजागी दुसरा असता तर काय झालं असतं ते सांग. एवढं एका शब्दाबद्दल नीट लिहिलं तर पाच अलंकारांच्या यादीपेक्षा ते वजनदार होतं. 'कवीला असं म्हणायचं आहे' असं ठासून लिहू नको. 'सूचित होतं', 'जाणवतं' असं लिही आणि कोणत्या शब्दावरून ते दाखव. दाखवता आलं नाही तर ते वाक्य खोडून टाक. सरावासाठी ठाणे स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, १८९३ पासून आहे ते. एखादा दिवाळी अंक घे आणि रोज एकच परिच्छेद असा उलगड.

चल, आता तुझं वाक्य.

"'जा बाबा, उशीर होईल,' असं म्हणत आईने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं."

'बाबा' काढ. 'जा, उशीर होईल' ही आज्ञा झाली. 'बाबा'ने त्यात माया आली आणि थोडी हतबलताही. 'उशीर होईल' कुणाला? 'तुला' हा शब्द नाही, 'मला' तर नाहीच. ती घड्याळाआड उभी आहे. आता 'म्हणत' बघ. 'असं म्हणून झाकण दाबलं' असतं तर आधी बोलणं, मग काम. 'म्हणत' म्हटल्यामुळे दोन्ही एकाच क्षणी चाललं आहे: तोंड म्हणतं जा, हात त्याच वेळी थांबवून धरतात. 'दाबलं' नाही, 'दाबून बघितलं', म्हणजे झाकण बसलेलंच आहे, ती नुसती खात्री करते आहे. डबा म्हणजे आईचं हृदय वगैरे लिहू नकोस, ते वाक्यात नाही. 'पुन्हा एकदा' मात्र आहे. वाक्य सुरू व्हायच्या आधी तिने हे केलेलं होतं, कदाचित दोन-तीनदा.

हे तुझ्या शब्दांत असं होईल: "आई मुलाला जायला सांगते, पण त्याचा पाय निघू नये असं तिला मनातून वाटतं. हे लेखकाने कुठेही थेट सांगितलेलं नाही. 'म्हणत' या रूपामुळे तिचं बोलणं आणि तिची कृती एकाच वेळी घडतात आणि त्यांतला विरोध दिसतो. झाकण आधीच लागलेलं आहे हे 'पुन्हा एकदा' या शब्दांवरून कळतं. ते परत दाबणं हे काम नसून निरोपाचा क्षण लांबवण्याचं निमित्त आहे. 'दाबून बघितलं' ऐवजी 'दाबलं' असं लिहिलं असतं, तर ती केवळ डबा बंद करणारी आई झाली असती."